पात्याला पातं

"पण मी त्यात कणभरही बदल केलेला नाही, मास्तर. मग फोटो खोटा कसा?"

दस्तगीर मास्तर ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. समोर सुजय भोकरे उभा होता आणि त्याच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं.

मी तिथंच होतो म्हणून सांगतो. माझं नाव दिगंबर. मास्तरांकडं फोटोग्राफी शिकायला आलेल्यांत मी सगळ्यात जुना आणि सगळ्यात बिनकामाचा. सुजय माझ्यानंतर बारा वर्षांनी आला आणि चार वर्षांत कुठल्या कुठं निघून गेला. मला त्याचा हेवा वाटायचा, अजूनही वाटतो. तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

"खोटा आहे असं कोण म्हणतंय?" मास्तरांनी विचारलं.

"कॅप्टन वागळे."

"ते कोण?"

"ते नाही, त्या. मृदुला वागळे. तीनपैकी मधलं हेलिकॉप्टर त्या उडवत होत्या. तिन्ही हेलिकॉप्टरांची जबाबदारीही त्यांच्यावरच होती."

मास्तरांनी हात झटकले आणि कात्रण मागून घेतलं.

एका खासगी कंपनीनं वर्धापनदिनाला माळावरच्या धावपट्टीवर हेलिकॉप्टरांची कवायत ठेवली होती. त्यातला हा क्षण. तीन निळी हेलिकॉप्टरं, एकाला एक खेटून. मागच्याचं पातं पुढच्याच्या शेपटीत घुसतंय की काय असं वाटावं. वर ठळक मथळा होता, 'पात्याला पातं'. ह्या फोटोनं सुजयला मोठं बक्षीस मिळवून दिलं होतं आणि त्याच्या शिबिरांना लोक दोन दोन महिने आधी नाव नोंदवत होते.

मास्तरांनी कात्रण डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ आणलं.

"बरा आहे," ते म्हणाले.

मास्तरांच्या तोंडून 'बरा' हा शब्द मी कधी ऐकलेला नाही, निदान माझ्या फोटोला तरी नाही. सुजयचा चेहरा खुलला.

"मग अडलंय कुठं?"

"चौकशी लागलीय, मास्तर. परवानगीत जेवढं अंतर ठरलं होतं, त्यापेक्षा जवळ उडवलं असा बाईंवर आरोप आहे. पुरावा म्हणजे हा फोटो. तीन महिने झाले, त्यांचं उड्डाण बंद आहे. सोमवारी सुनावणी."

"तुझ्याकडं काय मागतायत?"

"प्रतिज्ञापत्र. फोटो मूळ आहे, त्यात फेरफार नाही, एवढंच. छापील नमुना आलाय, सही करून द्यायचा. आणि बाईंचा निरोप आलाय, की हे खरं नाही. दोन हेलिकॉप्टरांच्या मधे आणखी एक मावलं असतं इतकी जागा होती म्हणे."

"होती?"

सुजय मास्तरांच्या हातातल्या कात्रणाकडं बघत राहिला.

"सुजय, होती का?"

"फोटोत तरी दिसत नाही," सुजय म्हणाला.

आत गॅसवर चहा उतू जात होता, तो बंद करायला मीच उठलो. बाहेर आलो तर मास्तर विचारत होते, "सही केलीस तर बाईंचं काय होईल?"

"परवाना जाईल, असं म्हणतात."

"आणि नाही केलीस तर?"

"तर मी फोटोत काहीतरी लबाडी केली असा अर्थ होईल. मी का म्हणून डाग लावून घेऊ? मी काही केलेलंच नाही."

त्याचं म्हणणं मला पटलं. खोटं कशाला बोलू, पटलं याचं थोडं वाईटही वाटलं.

मास्तर उठले. "ती लांबडी लेन्स आणलीयस?"

"गाडीत आहे."

"काढ. आणि त्या टेकाडावर जाऊन थांब. मी हात वर केला की माझा एक फोटो काढ. मी, आणि माझा शेजारी." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "दिगू, सर्जेरावांना सांग, ओढ्याच्या पलीकडं बाभळीखाली उभे राहा म्हणावं."

स्वतः मास्तर हे सांगू शकत नव्हते. सर्जेराव जगदाळे त्यांचे सख्खे शेजारी, मधे फक्त ओढा. पण एकवीस वर्षांपूर्वी मास्तरांनी एका लग्नाचे फोटो धुऊन दोरीवर वाळत घातले होते, ते सर्जेरावांच्या शेळीनं खाल्ले. अख्खं लग्न खाल्लं, जेवणाच्या पंगती तेवढ्या राहिल्या. मास्तर म्हणाले शेळी बांधून ठेवायची, सर्जेराव म्हणाले फोटो घरात वाळवायचे. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. माणसं दोन्ही भली, पण हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

"कसला फोटो?" सर्जेरावांनी मला विचारलं.

"मास्तरांना पाहिजे."

"मग त्यांना स्वतः येऊन सांगायला काय झालं?"

एवढं म्हणून ते आत गेले आणि धुतलेली टोपी घालून बाहेर आले.

ओढा कोरडाच होता. सर्जेराव पलीकडं बाभळीखाली ताठ उभे राहिले. मास्तर अलीकडच्या काठावर, सर्जेरावांकडं पाठ करून, टेकाडाकडं तोंड करून. दोघांच्या मधे चाळीसएक पावलं सहज असतील. मी बाजूला, ओढ्यात उतरून उभा होतो.

मास्तरांनी उजवा हात वर केला. मग खाली घेतला आणि डावा हात आडवा, खांद्याच्या उंचीवर, हवेत धरला. शेजारी कुणीही नव्हतं. मला वाटलं, हाताला रग लागलीय.

टेकाडावर सुजय एवढासा दिसत होता. त्यानं कॅमेऱ्यातून पाहिलं. उठला, दोन पावलं डावीकडं सरकला. पुन्हा पाहिलं. अर्धं पाऊल उजवीकडं. मग गुडघा टेकून बसला आणि बराच वेळ हलला नाही. मास्तरांनी त्याला यातलं काही करायला सांगितलेलं नव्हतं.

तो खाली आला तेव्हा आम्ही ओसरीवर बसलो होतो. सर्जेरावही आले. टोपी कशी दिसतेय ते बघायचं होतं, दुसरं काही नाही. ते मास्तरांपासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब, पायरीवर बसले.

सुजयनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो लावला आणि मास्तरांपुढं धरला. मास्तरांनी तो बघितला आणि माझ्याकडं दिला. मी सर्जेरावांना दाखवला.

फोटोत ओढा नव्हता. मास्तर आणि सर्जेराव खांद्याला खांदा लावून उभे होते आणि मास्तरांचा हात सर्जेरावांच्या खांद्यावर होता. दोघं नुकतेच जत्रेतून परत आल्यासारखे दिसत होते.

सर्जेरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"दिगू, हे कधी झालं?"

"आत्ताच."

"मी तर बाभळीखाली होतो."

"होय."

"मग ह्यांचा हात माझ्या खांद्यावर कसा?"

सर्जेराव उठले, धोतर झटकलं.

"हा आमच्या थोरल्याला दाखवू नका," ते मला म्हणाले. "त्याला वाटेल, मी माफी मागायला आलो होतो." आणि गेले.

मास्तरांनी पुन्हा शेंगांचं सूप पुढ्यात ओढलं.

"काही फेरफार केलास का यात?"

"नाही," सुजय म्हणाला.

"मग ह्याचंही प्रतिज्ञापत्र देशील? सर्जेरावांचं आणि माझं जमलं म्हणून?"

सुजयला हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"मास्तर, मला कळतंय तुम्ही काय म्हणताय. लांबची लेन्स मागचं पुढं आणते, मधली जागा गिळून टाकते. हे मी शिबिरात पहिल्या दिवशी शिकवतो. पण तो लेन्सचा गुण आहे. त्यात माझा काय दोष?"

"दोन पावलं डावीकडं लेन्स सरकली का?"

सुजय पायरीवर बसला, जिथं सर्जेराव बसले होते तिथंच. कॅमेरा त्यानं मांडीवर ठेवला. बराच वेळ तो कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. मला त्याची कीव आली. मग मला बरं वाटलं आणि मग स्वतःची लाज वाटली. हे सगळं एका मिनिटात.

"मला त्या दिवशी पास मिळाला नव्हता," तो म्हणाला. "धावपट्टीवर सोळा फोटोग्राफर होते. एकेकाची नावं सांगितली तर तुम्ही हसाल. मला फाटकावरून परत पाठवलं. मी मागच्या डोंगरावर गेलो. दीड किलोमीटर असेल, जास्तच. झाडाखाली बसून काढलाय हा फोटो."

मास्तर ऐकत होते.

"बक्षीस मिळालं तेव्हा वार्ताहरानं विचारलं, तुम्ही अगदी खाली होतात ना? मी नुसता हसलो. त्यानं तसं छापलं. दुसऱ्याला मीच सांगितलं, की धावपट्टीच्या टोकाला उताणा पडलो होतो, हेलिकॉप्टरं माझ्या अंगावरून गेली. तिसऱ्याला सांगताना तर मला पात्यांचा वारा लागलेला आठवायला लागला."

"बाईंना हे माहीत आहे?"

"कसं असणार? फोटो खालून, जवळून घेतलाय असंच चौकशीवालेही धरून चाललेत. जवळून घेतला म्हटल्यावर अंतर दिसतं तेवढंच असणार. बाईंचे दोनदा फोन आले. मी उचलले नाहीत. मला भीती वाटते, मास्तर."

"कशाची?"

"हे बाहेर आलं तर माझं नाव जाईल. बक्षीस परत मागतील. शिबिरातली पोरं तोंडावर हसतील."

"हसतील," मास्तर म्हणाले.

"मग काय करू?"

मास्तरांनी एक शेंग फोडली. ती किडकी निघाली, बाजूला टाकली. दुसरी फोडली आणि दाणे सुजयच्या तळहातावर ठेवले. तो ते खायचं विसरून तसाच बसला. आपल्याला सोडवण्यासाठी मास्तर काहीतरी युक्ती सांगतील असं त्याला वाटत असावं, मलाही वाटत होतं. मास्तरांनी पुढची शेंग उचलली.

शेवटी सुजयनं दाणे खिशात टाकले, पिशवीतून तो छापील नमुना काढला आणि माझ्याकडं पेन मागितलं.

कागद मी डोळ्यांनी पाहिला. चार ओळींचा मजकूर. 'सदर छायाचित्र मी स्वतः काढलेले असून ते मूळ स्वरूपात आहे. त्यात कोणताही बदल केलेला नाही.' पुढं नाव, सही, तारीख. कुठल्या लेन्सनं काढला, किती लांबून काढला, असं त्यात कुणी विचारलेलंच नव्हतं. चौकशीवाल्यांना ते सुचलं नसेल. सही केली तरी त्यातला एकही शब्द खोटा ठरणार नव्हता.

सुजयनं मजकूर दोनदा वाचला. नाव लिहिलं. सही केली, नेहमीची लफ्फेदार नाही, साधी. तारीख घातली.

मी मास्तरांकडं पाहिलं. ते सूप बाजूला सारून सालं गोळा करत होते. मला त्यांचा राग आला. एका बाईचं सगळं आयुष्य त्या कागदावर होतं आणि म्हातारा सालं गोळा करत होता.

कागदाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, एक जागा रिकामी राहिली होती. कुठल्याही अर्जात असते तशी. सुजयचं पेन तिथं येऊन थांबलं.

"मास्तर, इथं 'ठिकाण' विचारलंय. तुमच्या गावाचं नाव घालू, का माझं पुणं?"

मास्तरांनी सालं परड्यात टाकली आणि हात धोतराला पुसले.

"फोटो काढताना होतास, तिथलं."