मुखपृष्ठावरची पाठमोरी बाई

"या बाईचं तोंड उद्या दुपारपर्यंत दाखवा, नाहीतर दुकानाला टाळं!" तांबूळगडच्या राजेसाहेबांनी रद्दीवाल्या धोंडूतात्यांना भर दरबारात सुनावलं.

बाई होती एका जुन्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर. राजेसाहेबांना जुने सचित्र अंक जमवायचा भारी नाद. कपाटं भरली, पलंगाखालची जागा भरली, आता मुदपाकखान्यात पिठाच्या डब्यांवरही अंक होते. पण तात्यांकडून घेतलेल्या या अंकानं त्यांची झोपच उडवली. डोक्यावर पदर, हातात पणती, आणि उभी पाठमोरी. राजेसाहेब महिनाभर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. पुढून दिसत नाही तर मागून दिसेल, म्हणून त्यांनी अंक उलटूनही पाहिला. मागं मालिशच्या तेलाची जाहिरात होती आणि एक मिशाळ पहिलवान दंड फुगवून हसत होता. दरबारी चित्रकारानं तोंड काढून दिलं, तर ते हुबेहूब राजेसाहेबांच्या आत्याबाईंसारखं निघालं. तेव्हापासून तो बिचारा तबेल्याचे दरवाजे रंगवतो.

तात्या डोकं धरूनच घरी आले. त्यांची मुलगी हौसा रद्दी बांधत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "तात्या, तुम्ही आधी जेवा. राजाचं डोकं फिरलंय ना, उद्या मी मान फिरवून बघते."

दुसऱ्या दिवशी ती वाड्यावर गेली. अंक भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाली, "सरकार, साक्षीला राणीसाहेब पायजेत. त्यांची खुर्ची तुमच्या मागं मांडा."

राणीसाहेब आल्या, बसल्या. नवऱ्याची पाठ त्यांना चांगली ओळखीची झाली होती.

"आता सरकार, तुम्ही चित्राकडं पाठ करा."

"का म्हणून?"

"परका पुरुष टक लावून बघतोय म्हटल्यावर घरंदाज बाई तोंड दाखवंल का?"

"अगं, मी राजा आहे!"

"म्हणून तर तिनं पदरबी घेतलाय."

राजेसाहेब कुरकुरत वळले.

"वळली की!" हौसा म्हणाली. "काय देखणी हाय! राणीसाहेब, दिसली न्हवं?"

राणीसाहेबांनी चित्राकडं नीट पाहिलं. "दिसली तर. नाकात नथसुद्धा आहे."

राजेसाहेब गर्रकन फिरले. समोर तीच पाठ, तोच पदर, तीच पणती.

"लाजली," हौसा म्हणाली. "अशी झडप घातल्यावर दुसरं काय व्हायचं?"

राजेसाहेबांनी आणखी दोनदा गिरकी घेतली. दोन्ही वेळा बाई त्यांच्याहून चपळ ठरली. शेवटी ते धापा टाकत थांबले. "तिचं तोंड मला दिसणारच नसेल, तर मी पाहायचं तरी कोणाचं?"

"पाठ केल्यावर समोर कोण दिसलं, सरकार?"

"राणीसाहेब."

"कशा दिसल्या?"

राजेसाहेबांनी पुन्हा वळून पाहिलं, या वेळी जरा सावकाश. "रागावलेल्या," ते हळूच म्हणाले.

"महिन्यानं का होईना, लक्षात आलं!" राणीसाहेब म्हणाल्या.

राजेसाहेब असे खदखदून हसले की डोक्यावरची पगडी हातात आली. तीच त्यांनी हौसाच्या ओंजळीत ठेवली, तात्यांच्या दुकानाला टाळं लावायचा हुकूम मागं घेतला आणि वाड्यातली सगळी रद्दी कायमची त्यांच्याच दुकानाला लावून दिली. "आणि हा अंक इथंच, या भिंतीवर टांगा."

"टांगा की," राणीसाहेब म्हणाल्या. "फक्त उलटा टांगा. तो पहिलवान बिचारा तोंड तरी दाखवतो!"