गुंडोपंतांचा गोळा आणि पिकअपचं पहिलं ऑइल

एक होते गुंडोपंत. गुंडोपंत म्हणजे शेणकिडा. एवढासा. हरभऱ्याएवढा. पण काम मोठं.

सकाळी सकाळी गुंडोपंतांनी म्हशीचं ताजं शेण आणलं. वळलं, वळलं, गोळा केला. छान गोल. लाडूच म्हणा. शेणाचा.

घरी बारा पोरं उपाशी. बायको गुंडाबाई बिळाच्या दारात उभी. गुंडोपंत गोळा ढकलत निघाले. गुडगुड गुडगुड.

वाटेत हौसाकाकूंचं अंगण. अंगणात आली हौसाकाकूंची पिकअप. नवी कोरी. सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा काढला नव्हता. आली आणि थांबली. खच्च!

गोळा अडकला. इकडे चाक, तिकडे वीट, मधे गोळा.

गुंडोपंतांनी ढकललं. हलेना. ओढलं. हलेना. डोक्याने ढुशी दिली. डोकं दुखलं. गोळा तिथेच.

"पिकअप पिकअप, हल.
पिकअप हलली की गोळा सुटेल.
गोळा सुटला की पोरं जेवतील."

पिकअप म्हणाली, "मी नाही हलत, जा. खूप खूप धावले. पोटातलं ऑइल काळं झालं. हौसाकाकू म्हणाल्या, पहिलं ऑइल बदलल्याशिवाय चाक हलवायचं नाही. आधी ऑइल बदला, मग हलेन."

झाली का पंचाईत! गुंडोपंत कपाळाला हात लावणार होते. पण हात नाहीत. सहा पाय आहेत. एक पाय लावला.

निघाले. तुरुतुरु तुरुतुरु.

गाडीखाली पोतं टाकून दस्तगीर मिस्त्री उताणे पडले होते. हातात पाना.

"मिस्त्री मिस्त्री, ऑइल बदला.
ऑइल बदललं की पिकअप हलेल.
पिकअप हलली की गोळा सुटेल.
गोळा सुटला की पोरं जेवतील."

मिस्त्री म्हणाले, "बदलतो की! पण काळं ऑइल धरू कशात? सारवलेल्या अंगणात सांडलं, तर काकू मला सोडतील का? आधी घमेलं आणा, मग बदलतो."

तेही खरंच. गुंडोपंत निघाले. तुरुतुरु तुरुतुरु.

घमेलं होतं गोठ्यात.

"घमेल्या घमेल्या, चल.
घमेलं आलं की मिस्त्री ऑइल बदलतील.
ऑइल बदललं की पिकअप हलेल.
पिकअप हलली की गोळा सुटेल.
गोळा सुटला की पोरं जेवतील."

घमेलं म्हणालं, "कसं येऊ? वर बघा. माझ्यात कोंबडी बसलीय. आधी कोंबडी उठवा, मग येईन."

गुंडोपंतांनी वर बघितलं. बसली होती खरी.

कोंबड्या किडे खातात. गुंडोपंतांना हे माहीत होतं. पाय मागे घेतले. सगळे. पण घरी बारा पोरं उपाशी. गुंडोपंत जरा लांबूनच बोलले.

"कोंबडीबाई कोंबडीबाई, उठा.
कोंबडी उठली की घमेलं येईल.
घमेलं आलं की मिस्त्री ऑइल बदलतील.
ऑइल बदललं की पिकअप हलेल.
पिकअप हलली की गोळा सुटेल.
गोळा सुटला की पोरं जेवतील."

कोंबडीने एक डोळा उघडला. "तुला खाल्लं असतं मी. पण आत्ता वेळ नाही. मला अंडं घालायचंय. खुराड्याचं दार उघडेना, म्हणून इथे बसले. आधी दार उघड, मग उठेन."

"बरं," गुंडोपंत म्हणाले. आणि पळाले. तुरुतुरु तुरुतुरु.

"दारा दारा, उघड.
दार उघडलं की कोंबडी उठेल.
कोंबडी उठली की घमेलं येईल.
घमेलं आलं की मिस्त्री ऑइल बदलतील.
ऑइल बदललं की पिकअप हलेल.
पिकअप हलली की गोळा सुटेल.
गोळा सुटला की पोरं जेवतील."

दार म्हणालं, "कर्रर्र. कसं उघडू? बिजागरी गंजली. कर्रर्र. आधी तिला ऑइल पाजा, मग उघडेन."

ऑइल! ऑइल कुठे? पिकअपच्या पोटात. ते काढणार कोण? मिस्त्री. मिस्त्रींना हवं घमेलं. घमेल्यात कोंबडी. कोंबडीला हवं दार. दाराला हवं ऑइल.

घ्या! फिरून फिरून भोपळे चौकात.

गुंडोपंत मटकन खाली बसले. रडू आलं. पोरं आठवली, आणखी रडू आलं. रडता रडता वर बघितलं. बिजागरी दिसली. केवढी? बोटाएवढी. तिला ऑइल किती लागेल? एक थेंब.

अहो, एका थेंबाला घमेलं कशाला?

गुंडोपंत उठले. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

"मिस्त्री मिस्त्री, एक थेंब द्या.
थेंब मिळाला की दार उघडेल.
दार उघडलं की कोंबडी उठेल.
कोंबडी उठली की घमेलं येईल.
घमेलं आलं की मिस्त्री ऑइल बदलतील.
ऑइल बदललं की पिकअप हलेल.
पिकअप हलली की गोळा सुटेल.
गोळा सुटला की पोरं जेवतील."

मिस्त्रींनी सगळं ऐकलं. डोकं खाजवलं. "अरेच्चा! एवढंच ना?"

गाडीखालून बाहेर आले. बॉनेट उघडलं. ऑइल बघायची लांब पट्टी ओढली. सर्रर्र! पट्टीच्या टोकाला एक थेंब. काळा कुळकुळीत.

टप्प! पडला गुंडोपंतांच्या पाठीवर.

गुंडोपंत चालले. हळू. थेंब सांडता कामा नये. हळूऊऊ. आणखी हळूऊऊ.

थेंब बिजागरीत गेला.

दार उघडलं. कर्रर्र नाही, काही नाही. गुपचूप उघडलं.

कोंबडी उठली. खुराड्यात गेली. अंडं घातलं. कॉक कॉक कॉक! साऱ्या गावाला सांगितलं.

घमेलं आलं. खडांग खडांग.

मिस्त्रींनी नट काढला. काळं ऑइल पडलं. भळभळ भळभळ. नट लावला. घट्ट. नवं ऑइल ओतलं, मधासारखं. गळगळ गळगळ.

आता पिकअप हलणार!

"थांबा!" हौसाकाकू म्हणाल्या. "पहिलं ऑइल आहे. नारळ फोडल्याशिवाय गाडी हलायची नाही."

गुंडोपंतांनी दुसरा पाय कपाळाला लावला.

फट्! नारळ फुटला. काकू गाडीत बसल्या. घुर्रर्र!

"मागे! मागे! काकू, पुढे नको!" गुंडोपंत ओरडले.

पिकअप हलली. मागे.

गोळा सुटला. एका बाजूने जरा चपटा झाला होता. चालायचंच. गुडगुड धप्प, गुडगुड धप्प.

पोरं जेवली. बाराच्या बारा. पोट फुटेस्तोवर.

गुंडाबाई म्हणाली, "अहो, एवढा उशीर? होतात कुठे?"

गुंडोपंत म्हणाले, "पिकअपचं पहिलं ऑइल बदलत होतो."

"बरं," गुंडाबाई म्हणाली. "तेलकट पायांनी आत येऊ नका."

मग गुंडोपंत दारातच बसून जेवले.

गोळा फस्त, गोष्ट फस्त.