लिलावातली घरटी

एका माळाच्या कडेला, ओढ्यावर वाकलेल्या बाभळीवर एक सुगरण पक्षी राहत असे. नावावर जाऊ नका, मुलांनो. ह्या पक्ष्यांत विणकाम करतो तो नर. मादी मागाहून येते, घरट्यात डोके घालते, एखादी काडी ओढून पाहते आणि पसंत पडले तर राहते, नाही तर भुर्रकन उडून जाते. आपल्या ह्या पक्ष्याची दोन घरटी अशीच नापसंत होऊन फांदीला लोंबत होती. तिसऱ्या खेपेला मात्र एका मादीने त्याची वीण नीट निरखली आणि म्हणाली, "काम चांगलं आहे तुझं. गवत हिरवं आहे तोवर एक घरटं पुरं कर. अंडी घालायला मी येईन."

गवत हिरवे असते तोवरच वळते. वाळले की चोचीत तुटते. म्हणजे पक्ष्याच्या हाती जेमतेम दीड महिना होता. तो आनंदाने कामाला लागला आणि दुसऱ्याच दिवशी घरट्याचे पहिले गोल कडे फांदीला बांधूनही झाले.

तेवढ्यात तिथे एक साळुंकी आली. साळुंकीला स्वतःचे काम कधी नसते, त्यामुळे दुसऱ्याच्या कामाबद्दल तिला पुष्कळ सुचते. ती म्हणाली की ही दोन पडीक घरटी उगाच कशाला टांगून ठेवलीस, कोल्होबांच्या लिलावात टाक, चार दाणे तरी मिळतील.

कोल्ह्याचा लिलाव जंगलात नुकताच सुरू झाला होता. कोल्हा एका उंबराखाली बसे. कोणी काही विकायला काढले की साळुंक्या जंगलभर उडून मालाचे वर्णन सांगत, आणि ज्याला हवे असेल तो त्यांच्याकडूनच बोली कळवी. विकणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहायचे नाही, घेणाऱ्याने विकणाऱ्याचे. उंबराची सावली एका काळ्या दगडाला टेकली की बोली बंद. पाच दाण्यांतला एक दाणा कोल्ह्याचा. माल पोचला की घेणारा साळुंकीकरवी विकणाऱ्याच्या झाडाला एक पान लावी. खूश असेल तर हिरवे, नसेल तर वाळलेले. नवे गिऱ्हाईक बोली लावण्याआधी साळुंकीला एवढेच विचारी, की त्याच्या झाडावर पाने कशी आहेत?

पहिल्या घरट्यावर शेतातला एक उंदीर आणि एक खार अशा दोघांची नजर गेली. उंदराला पिल्लांसाठी जागा हवी होती आणि खारीला बिया लपवायला. दोघे ईर्षेला पेटले. सावली दगडापासून बोटभर असताना खारीने बोली चढवली आणि घरटे पटकावले. दुसरे घरटे चिडलेल्या उंदराने त्याहून चढ्या भावात घेतले. बाभळीच्या काट्यांना दोन हिरवी पाने टोचली गेली आणि बाभळीच्या खोडातली पक्ष्याची ढोली दाण्यांनी निम्मी भरली. कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते त्या मालाला एवढा भाव! पक्ष्याला वाटले, पडीक घरट्याला इतके मिळतात, तर ताज्याला किती मिळतील? घरचे कडे तसेच ठेवून तो विक्रीचे घरटे विणायला बसला. खरे सांगायचे तर त्याच्या जागी मी असतो तर मीही बसलो असतो.

ताज्या घरट्यालाही भाव आला. त्याच्या पुढच्यालाही आला. पण हिरव्या पानांचे एक होते. खुशीने दिलेले असले तरी तोडलेले पान चार दिवसांत वाळणारच. पाचव्या दिवशी झाडाकडे पाहणाऱ्याला कसे कळावे, की हे पान वाळून गेले आहे की वाळलेलेच लावले आहे? पक्ष्याने साळुंकीला हे समजावून सांगायला घेतले, तर ती म्हणाली की ऐकून घ्यायला कोणाला वेळ आहे, तू नवे पान मिळव म्हणजे झाले. नवे पान मिळवायचे तर नवे घरटे विकायला हवे. मग दर चार दिवसांनी एक घरटे, असा रगाडा सुरू झाला. आधी तो दाण्यांसाठी विणत होता, आता पानांसाठी विणू लागला. घरच्या कड्याकडे लक्ष गेले की तो स्वतःला सांगे, ते काय, घरचेच आहे, उद्या करू.

त्यात ओढ्यापलीकडच्या सुगरण पक्ष्यांनाही लिलावाचा सुगावा लागला. पडीक घरटी सगळ्यांकडेच होती. बघता बघता उंबराखाली वीस घरटी मांडली गेली आणि भाव इतका घसरला, की पक्षी साळुंकीला दोनदा आकडा विचारी. कोल्ह्याने मात्र आपला वाटा पाचातल्या एकावरून निम्म्यावर नेला. पक्षी आता काड्या कमी वापरू लागला, वीण सैल सोडू लागला. विकत घेणारा काय काडी ओढून बघणार आहे?

मग कोल्ह्याने आणखी एक नियम काढला. पसंत नसलेला माल आठ दिवसांत परत करता येईल, मात्र एकदा मांडलेला माल विकणाऱ्याला मागे घेता येणार नाही. त्याच उंदराने एक घरटे नेले, त्यात आठ दिवस पिल्ले वाढवली आणि आठव्या दिवशी ते मळलेले घरटे परत धाडले. तक्रार काय, तर दार खालच्या बाजूला आहे! अहो, सुगरणीच्या घरट्याचे दार खालीच असते. पक्षी दाद मागायला उंबराखाली गेला. कोल्ह्याने त्याचे सगळे मान डोलावत ऐकून घेतले आणि म्हणाला, "तुझं खरं आहे बाबा. पण गिऱ्हाईक नाराज करून माझं झाड चालत नाही." दाणे उंदराला परत गेले आणि बाभळीला वाळलेले पान लागले. पक्षी परत आला तेव्हा त्याची चोच सोलवटलेली होती आणि पंख जड झाले होते. तरी ते एक पान झाकायला दोन हिरवी हवीत, म्हणून तो पुन्हा विणायला बसला. आपण हे का करतो आहोत, हे त्याला आठवेनासे झाले होते. दमलेल्याला थांबायचेही सुचत नाही, मुलांनो. मी हे पुष्कळदा पाहिले आहे.

एका सकाळी तो काडी आणायला माळावर गेला, तर गवत पिवळे पडले होते. एक पाते चोचीत धरले, ते तुटले. दुसरे धरले, तेही तुटले. तो तसाच परत फिरला, तर बाभळीवर ती मादी येऊन बसली होती. ती ठरल्याप्रमाणे आली होती.

"माझं घरटं कोणतं?" तिने विचारले.

फांदीला नुसते कडे होते. पक्षी म्हणाला की जरा थांब, आत्ता आणतो, आणि उंबराकडे धावला. आदल्या दिवशीच त्याने एक पुरे घरटे लिलावात मांडले होते. तेवढे मागे द्या म्हणून त्याने कोल्ह्याच्या विनवण्या केल्या. कोल्ह्याने नियम सांगितला, आणि वर हसून म्हणाला की बोली लाव की, बोली लावायला कोणाला बंदी आहे? मग पक्ष्याने स्वतःच्याच घरट्यावर बोली लावली. खारीने वरची लावली. त्याने त्याच्या वरची. सावली दगडाला टेकता टेकता त्याने ढोलीतले होते नव्हते ते सगळे दाणे बोलून टाकले आणि घरटे त्याला सुटले. त्याच्याच ढोलीतून निघालेले दाणे त्याच्याच ढोलीत परत आले, फक्त मध्ये निम्मे कोल्ह्याने घेतले. त्याचे त्याला दुःख नव्हते. घरटे हाती आले होते.

त्याने ते बाभळीला बांधले. मादी आत शिरली, खूप वेळ आत राहिली, मग बाहेर येऊन तिने एक काडी ओढली. ती अलगद निघून आली. तिने दुसरी ओढली. तीही आली.

"हे विकायला विणलेलं आहे," ती म्हणाली. "ह्यात अंडी घातली, तर पहिल्या वाऱ्याला पिल्लं ओढ्यात पडतील."

"मी फार दमलो आहे गं," पक्षी म्हणाला. "रोज विणत होतो. एक दिवस बसलो नाही."

"दिसतंय ते. पण त्यातलं माझ्यासाठी किती विणलंस?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते त्याला जास्त लागले. ती ओढ्यापलीकडे उडून गेली. तिथल्या एका झाडावर एक साधेच, पण घट्ट विणलेले घरटे अजून रिकामे होते. सुगरण पक्षी आपल्या फांदीवर बसून राहिला. पुढच्या वर्षी गवत पुन्हा हिरवे होईल हे त्याला ठाऊक होते. पण हे वर्ष गेले होते, आणि त्या वर्षी त्या बाभळीवर पिल्लांचा आवाज काही झाला नाही.

तात्पर्य : अडगळीला गिऱ्हाईक मिळाले तर अडगळ खुशाल विकावी, पण गिऱ्हाईक मिळते म्हणून घर सोडून अडगळच विणत बसू नये.