वळणापाशी कचरणारी शिष्या

एकदा एका शिष्येने लाटांवर उभ्याने हाकायची आपली शिडाची फळी ओढत किनाऱ्यावर आणली आणि ती फळीशेजारी बसून रडू लागली. शर्यत दोन दिवसांवर आली होती. सरळ जाण्यात तिचा हात धरणारे त्या किनाऱ्यावर कोणी नव्हते. पण वारा पाठीशी घेऊन वळायची वेळ आली, की शीड हिसका मारून हातून निसटे आणि बाईसाहेब पाण्यात! त्या सकाळी ती अकरा वेळा पडली होती. शर्यतीत तर तीन वळणे होती.

तिचे गुरू म्हणजे एक वृद्ध तांडेल. तरुणपणी त्यांनी शिडाची गलबते हाकली होती.

"तांडेलआजोबा, माझं नाव काढून टाका," ती म्हणाली. "हा वारा माझ्या मुळावरच उठलाय."

तांडेलांनी घरातून एक चादर आणली, तिची दोन टोके शिष्येच्या हातांत दिली आणि तिला वाऱ्याकडे पाठ करून उभे केले. चादर पुढे फुगली, खांदे ओढले गेले.

"आता धाव," ते म्हणाले.

मासळी वाळत घालणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. शिष्येला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण गुरूंचा शब्द मोडवेना, म्हणून वारा जिकडे वाहत होता तिकडे ती जीव खाऊन धावली. आणि काय आश्चर्य! चादर ढिली पडून तिच्या गुडघ्यांशी लोंबू लागली.

"वारा पडला वाटतं," ती धापा टाकत थांबली. थांबताच चादर पुन्हा ताणली गेली.

"अगो, वारा होता तसाच आहे," तांडेल म्हणाले. "तू त्याच्या वेगाने गेलीस, म्हणून त्याचा जोर तुला लागला नाही. वळण आलं की तू भिऊन वेग कमी करतेस. मग मागून येणारा सगळा वारा शिडावर आदळतो. वेगातच वळणात शीर. ऐन मध्यावर शिडाला वजनच उरणार नाही, तेव्हा ते फिरव."

"आणि पडले तर?"

"पडशीलच की! आजवर घाबरून पडलीस, आता वेगात पड."

ती पुन्हा पाण्यात उतरली. पहिल्या खेपेला चांगलीच दूर फेकली गेली आणि हसतच वर आली. दुसऱ्या खेपेला वळण आले तरी तिने वेग सोडला नाही. क्षणभर शीड हातात आहे की नाही, हेच तिला कळेना. तिने ते फिरवले आणि मान वर केली, तर वळण मागे पडले होते आणि किनारा समोर होता.

आपणही वळणापाशी येऊन कचरतो, आणि वर दोष वाऱ्याला देतो.