क्रोहमोरवरचा उपास

“पोटात अन्नाचा कण नसताना हा डोंगर चढून आलेला दुसरा कुणी पाहिलाय का तुम्ही, बाबा?”

लोर्कननं धापा टाकत विचारलं. मग त्याचं त्यालाच राहवेना.

“म्हणजे... काल एक अंडं खाल्लं. उकडलेलं. पण तेवढंच.”

फिनबारबाबा हसले नाहीत. आयर्लंडच्या पश्चिमेला, क्रोहमोर डोंगराच्या उतारावर दगडी खोपटात राहणारा हा म्हातारा साधू. शिष्य म्हणून सहसा कुणाला ठेवून घेत नसे. लोर्कन मात्र साधू होणार म्हणून खाली सगळ्या गावाला सांगून आलेला. आता परत जायचं तर कुठल्या तोंडानं? म्हणून हा उपासाचा थाट.

बाबांनी बस म्हटलं. बसला. उठला. पुन्हा बसला. वारा थांबेना आणि याची चुळबुळ थांबेना. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, की मेंढरंसुद्धा यायला कंटाळतात अशा उंचीवर गवताखाली हे वरंबे कुणी ओढलेत?

बटाट्याचे आहेत, बाबा म्हणाले. खालची चांगली जमीन जमीनदारांची, गरिबांच्या वाट्याला हा उतार आणि पोटाला नुसता बटाटा. मग एका साली बटाटा मातीतच कुजला.

“आणि माणसं?”

बाबांनी वरंब्यांकडे नुसती मान वळवली...

तेव्हापासून, त्यांनी सांगितलं, या गवतावर पाय पडला की माणसाला भुकेचा झटका येतो म्हणतात. खिशात पावाचा तुकडा असल्याशिवाय इथून कुणी जात नाही.

लोर्कन म्हणाला, असल्या भाकडकथा आमच्या आजीला सांगा, मी भूक जिंकलीय. आणि वरंब्यावर जाऊन ऐटीत उभा राहिला.

मटकन खाली बसला. गवतानं पाडलं की कालच्या अंड्यानं दगा दिला, देव जाणे.

बाबा सावकाश आले. खिशातून पाव काढून मोडला. अर्धा गवतावर ठेवला, अर्धा त्याच्यापुढं धरला.

लोर्कनचा हात पुढं गेला... मागं आला. ही परीक्षाच असणार. खाल्लं की हाकलतील.

“नको, बाबा. उपास मोडेल.”

वारा गवत लोळवत गेला.

“इथं निजलेत त्यांचा उपास मोडायला कुणी आलं नाही, पोरा. त्यांच्यादेखत नको म्हणतोस?”