राजेसाहेबांची बेलवांगी आणि पाच कुंड्या

“बोल, माझ्या झाडांना काय घातलंस?” चिंचगडचे राजे गजेंद्रराव असे कडाडले की भागुजी माळ्याच्या हातातलं खुरपं गळून पडलं.

झाडं होती बेलवांग्यांची. बेलवांगी म्हणजे आपले टोमॅटो हो! पण साधेसुधे नव्हेत. आईसाहेबांनी माहेराहून आणलेलं, तीन पिढ्या राखेत जपलेलं बियाणं ते! पगडीसारख्या चुण्यांचं एकेक फळ, आणि त्याचं सार भुरकल्याशिवाय राजेसाहेबांना जेवण गोड लागायचं नाही. यंदा मात्र बऱ्याच झाडांच्या पानांवर हिरवी-पिवळी ठिगळं पडली, शेंडे आक्रसून दोऱ्यासारखे झाले आणि फळ धरायचं नाव नाही.

राजवैद्यांनी देठाची नाडी पाहून पित्त सांगितलं. जोशीबुवांनी शनी काढला आणि बुंध्यावर तेल ओतायला लावलं. पानं आपली ढिम्म! मग राग निघाला माळ्यावर.

“कुणीतरी मेल्याने माझी पानं नासवलीत! पंधरा दिवसांत दोषी माझ्यापुढे उभा कर. नाहीतर तुझीच गाढवावरून धिंड काढून वेशीबाहेर घालवीन!”

भागुजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक ठकू ओसरीवर शेंगा सोलत होती. पोरगी जिभेची तिखट आणि नजरेची त्याहून.

“बा, गाढवावर बसायच्या आधीच तोंड असं का केलंयस?” ती म्हणाली. “मला झाडं तर बघू दे!”

ठकू बागेत गेली. पानं उलटून पाहिली, कीड नाही. मुळाशी उकरलं, मुळं पांढरीशुभ्र. माती तीच, पाणी तेच, खत तेच. पण पुढची ओळ सगळी आजारी आणि मागची ओळ हिरवीगार! असं कसं बाई? तिने पुढचं एक पान खुडून नाकाशी नेलं आणि तिला फिस्सकन हसू आलं. पानाला तंबाखूचा वास होता!

आता वाड्यात तंबाखू मळायचा मान एकट्या राजेसाहेबांचा. दुसऱ्या कुणी तंबाखूची चंची काढली तर मुलाहिजा नाही! हा नाद त्यांना यंदाच जडलेला. रोज सकाळी राजेसाहेब चुना लावून तंबाखू मळायचे, बार भरायचे आणि त्याच हातांनी “माझी लेकरं ती!” म्हणत पानं कुरवाळायचे. मागच्या ओळीपर्यंत हात पोचत नव्हता. मध्ये पोट यायचं ना!

ठकूचं हसू जागीच विरलं. हे राजाच्या तोंडावर सांगायचं कुणी? सांगितलं तर बापाबरोबर लेकही गाढवावर! तिला भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण भिऊन बाप थोडाच सुटणार होता?

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. “महाराज, बागेत ये-जा चौघांची. माझा बा, वैद्यबुवा, जोशीबुवा आणि आपण. त्याच बियाण्याची पाच रोपं मी कुंड्यांत लावलीत. प्रत्येकाने रोज सकाळी आपापलं रोप कुरवाळायचं. ज्याच्या हाती दोष, त्याचं रोप बोलेल!”

“यात आम्ही कशाला?”

“खरंखोटं ताडायला एक निर्दोष हात नको का?”

राजेसाहेब खुलले. “वा! तो हात आमचाच! आणि पाचवी कुंडी?”

“तीही आपलीच. देवघराशी ठेवते. देवाला दुधाचा अभिषेक केलात की लगेच त्याच हातांनी तिला कुरवाळा.”

कुंड्यांच्या बुडाला नावं चिकटवली खुद्द आईसाहेबांनी. पंधराव्या दिवशी त्यांनीच कुंड्यांची अदलाबदल करून दरबारात ओळीने मांडल्या. चार रोपं तरारलेली आणि मधलं एक ठिगळाठिगळांचं!

“सापडला!” राजेसाहेब टाळी वाजवून ओरडले. “गाढव आणा! हलगी आणा!”

“महाराज, शिक्षा बदलणार नाही ना?” ठकूने विचारलं.

“दोषी जाणार म्हणजे जाणार! पालथी करा कुंडी!”

आईसाहेबांनी कुंडी कलती केली, नाव वाचलं आणि पदर तोंडाला लावला. “गजू, अरे, हे तर तुझंच नाव!”

बाहेर गाढव ओरडलं. राजेसाहेब लालबुंद झाले.

“म्हणजे मी बसू गाढवावर? पोरी, माझे हात विषारी आहेत असं म्हणतेस?”

ठकू काही जागची हलली नाही. “छे हो महाराज! हात विषारी असते तर आपली दुसरी कुंडी कशी वाचली असती?”

आईसाहेबांनी दुसरं नाव शोधलं. सगळ्यांत टवटवीत रोप राजेसाहेबांचंच!

“एकाच हाताच्या दोन कुंड्या,” ठकू म्हणाली. “एक दुधाने धुतलेल्या हाताची, एक तंबाखू मळलेल्या हाताची. हात निर्दोष आहे, महाराज! दोषी आपल्या कमरेला लटकलाय!”

सगळ्यांच्या नजरा मखमली चंचीवर! राजेसाहेबांनी चंचीकडे पाहिलं, ठकूकडे पाहिलं, मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते असे खदाखदा हसले की पगडी कानावर आली.

“पंधरा दिवस मलाच कामाला लावलंस की गं! बांधा त्या चंचीला गाढवावर!”

आणि खरंच, चिंचगडच्या रस्त्यातून चंचीची धिंड निघाली! पुढे हलगी बडवत स्वतः राजेसाहेब, मागे शनी विसरून नाचणारे जोशीबुवा. भागुजीला मानाचा फेटा मिळाला. आणि ठकूला? अख्ख्या बागेची मुखत्यारी, वर राजेसाहेबांचा हुकूम, “तुझ्या परवानगीशिवाय आत कुणी पाऊल टाकणार नाही. मीसुद्धा!”

दुसऱ्या सकाळी राजेसाहेब ऐटीत बागेपाशी आले. ठकू दारात आडवी उभी, हातात दुधाची वाटी.

“हात पुढे करा, महाराज! दोन्ही!”