कोटाचे खांदे

कपाटातले कपडेही एकमेकांशी भांडत, त्या काळची गोष्ट. भार्गवरावांनी लग्नासाठी सूट शिवला. शिंप्याने सोबत लाकडी हँगर दिला आणि बजावलं, "कोट यावरच ठेवा."

कोटाला मात्र तो हँगर डोळ्यांसमोर नको होता. "केवढा जाडा रे तू! लोक माझे खांदे बघतात. तुझा उपयोग काय?"

हँगर म्हणाला, "तुझ्या आत माणूस नसतो, तेव्हा मी असतो."

कोट फणकारला. कपाट उघडलं की तो मुद्दाम घसरून खाली पडे. शेवटी भार्गवरावांच्या बायकोने, सुमित्राबाईंनी, वैतागून त्याला दाराशेजारच्या खुंटीला मानेपाशी अडकवलं. कोट खूश! आता येणारा-जाणारा त्याला बघत होता.

पुढे मेव्हणीचं लग्न आलं. भार्गवरावांनी कोट चढवला आणि सुमित्राबाई हसतच सुटल्या. "अहो, मानेमागे हे बैलाचं वशिंड कुठून आलं?"

पाणी मारलं, इस्त्री फिरवली, पण वशिंड काही बसेना. भार्गवराव साध्या सदऱ्यावरच लग्नाला निघाले. जाताना सुमित्राबाईंनी कोट पुन्हा कपाटात नेला.

"जागा आहे का रे?" कोट पुटपुटला.

"आहे की. पण मी अजून जाडाच आहे हं."

"असू दे," कोट म्हणाला, "फक्त बारीक होऊ नकोस."